वैयक्तिक प्रकृतिधर्म

“सदर सार्वजनिक दफनभूमीची विहित पद्धतीने पाहणी करण्यात आली असून तेथे आगमुंग्यांचे अस्तित्व आढळून आलेले नाही. संबंधित महिलेस झालेला त्रास हा तिच्या वैयक्तिक प्रकृतिधर्माचा परिणाम होय.”

शिखंग वस्तीच्या दफनभूमीच्या फाटकाला हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तारेने बांधला होता. खाली नगरकार्यालयाचा चौकोनी लाल शिक्का होता आणि त्याला खेटून वस्तीप्रमुखाचा लहानसा शिक्का.

पहिले वाक्य घ्या. ‘आढळून आलेले नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्यात एक माणूस आरामात मरू शकतो. जुन्या तर्कशास्त्र्यांनी याबाबत एक साधी अट घालून ठेवली आहे : वस्तू असती तर जिथे दिसलीच असती, तिथे पाहूनही ती दिसली नाही, तरच ती नाही असे म्हणावे. डोळे मिटून बसलेल्याने घागर नसल्याची ग्वाही देऊ नये. कार्यालयाने नेमके कुठे पाहिले हे कागदात नव्हते. ‘विहित पद्धतीने’ या शब्दांच्या पाठीमागे ते सुखाने दडून बसले होते. दुसरे वाक्य त्याहून सरस. प्रकृतिधर्म चावत नाही. पंग रुइलिएन हिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जे पांढऱ्या तोंडाचे फोड दुसऱ्या दिवशी उठले, ते कुणी चावल्यावाचून उठत नाहीत. तिची प्रकृती चावणाऱ्याला बोलावणे धाडत नव्हती. आलेल्याला ती वाजवीपेक्षा अधिक गांभीर्याने घेत होती, इतकेच. पण वाक्याची बांधणी अशी, की वाचून संपेपर्यंत चोर नाहीसा व्हावा आणि चोरी जिच्या घरी झाली तिच्याच अंगाला चिकटावी. संन्याशाला सुळी देणारे जुने राजे निदान चोर होता एवढे तरी मान्य करीत असत.

या दोन वाक्यांनी पुढे काय केले हे समजण्यासाठी आधी काय घडले ते सांगितले पाहिजे.

रुइलिएन ही माहेरची पंग, फानच्यांग घराण्याची थोरली सून. पन्नाशी ओलांडलेली, विधवा. थाओयुआनच्या किनाऱ्यालगत, वाऱ्याला आडव्या लावलेल्या झाडांच्या आडोशाला तिचे शेत. भात निघाले की त्याच शेतात मोहरीची पालेदार भाजी लावायची, ती मिठात घालून पायांनी तुडवायची आणि मुरवून बरण्यांत भरायची, हा तिचा हिवाळा. नवरा गेल्यावर सासू थाओमेई तिच्याच घरी राहिली, तिच्याच हातचे खाऊन, तिलाच नावे ठेवीत. आणि शेवटची तीन वर्षे अंथरुणाला खिळून असताना तिच्याच हातांनी स्वच्छ होत गेली. अखेरच्या आजारात इस्पितळातल्या माणसाने “दहन की दफन?” असे विचारले, तेव्हा रुइलिएनने तो प्रश्न जसाच्या तसा सासूला विचारला. थाओमेई म्हणाली, “मी काय भाजायचं कणीस आहे?” तिला मातीत ठेवण्यात आले. विषय तिथे संपला, असे रुइलिएनला वाटले.

वर्ष भरत आले तेव्हा घराणे थडग्याच्या वार्षिक झाडलोटीला जमले. नव्या थडग्याचे गवत इतरांच्या आधी काढायचे आणि थोरल्या सुनेने माथ्यावर पिवळे कागद पसरून मातीच्या ढेकळांनी दाबायचे. मेलेल्याचे छप्पर शाकारल्यासारखे ते होते. रुइलिएन गुडघ्यांवर बसली, बाह्या वर सारल्या आणि ढेकूळ काढायला तिने दोन्ही हात उंचवट्यात खुपसले.

आगमुंगी एकटी चावत नाही. ती चुपचाप चढते, मागच्यांना चढू देते आणि मग सगळ्या मिळून एकदम डंख करतात. इतकी शिस्त कार्यालयांत आढळत नाही. रुइलिएनला त्या पूर्वीही चावल्या होत्या. शेतात कुणाला चावत नाहीत? साबण लावायचा आणि विसरायचे. या वेळी मात्र आग हातांपुरती राहिली नाही. तळवे खाजू लागले, कानांच्या पाळ्या तापल्या, अंगावर गांधी उठल्या, जीभ दुसऱ्याच कुणाची तरी असावी तशी तोंडात जड झाली. ‘श्वास’ हा शब्द तिने उच्चारायचा प्रयत्न केला. बाहेर पडला तो एक घोगरा, ओढलेला स्वर. आणि तो ऐकून म्हाताऱ्या चुलत सासूबाई किंचाळल्या, “थाओमेई आली! थाओमेई आली अंगात!”

मग जे घडले ते या वस्तीवाचून अन्यत्र घडले नसते. सगळे गुडघ्यांवर बसले. धाकटा दीर वन्छाय, जो वस्तीप्रमुखही होता, मूठभर उदबत्त्या पेटवून पुढे सरकला आणि हुंदका आवरीत म्हणाला, “आई, काय राहिलं तुझं? काय हवंय? बोल ना!” रुइलिएन त्याच्याकडे पाहून मान हलवीत होती. तिला हवा हवी होती. घशातून निघणारा तो घोगरा स्वर हुबेहूब आईचाच आहे, यावर मंडळींचे एकमत झाले.

एकटी नणंद छुनमेई उठली. ती भाजीचा टेम्पो चालवीत असे आणि तिला कुणाच्याही अंगात आलेले खपत नसे. “आईला मरून वर्ष झालंय, ती थांबेल!” ती ओरडली. “हिचे ओठ बघा, जांभळे पडलेत! सरका!” तिने भावजयीला कोबीच्या टोपल्यांत आडवी केली आणि टेम्पो असा पिटाळला की वाटेत अर्धे कोबी शेजारच्या गावाला मिळाले.

इस्पितळात तिचा जीव परत आला. वेई नावाच्या तरुण डॉक्टरणीने दुसऱ्या दिवशी फोड पाहिले आणि म्हणाली, “आगमुंग्या. तुमच्या शरीरानं त्यांच्याशी उभा दावा मांडलाय. पुन्हा चावल्या तर ह्याहून लवकर होईल, आणि प्रत्येक वेळी टेम्पो जवळ असेल असं नाही.” तिने पेनासारखी एक सुई दिली. मांडीत मारायची, कपड्यांवरूनच मारायची, विचार करीत बसायचे नाही.

पण इकडे शिखंगमध्ये शुद्धीसाठी थडग्यावरचे गवत जाळून वर उकळते पाणी ओतले गेले होते. माथा गुळगुळीत झाला. मुंग्या कुणालाच दिसल्या नाहीत. वन्छायचा हिरवळीसाठी विकायच्या गवताच्या लाद्यांचा मळा होता. दफनभूमीत आगमुंग्या निघाल्या तर अख्खी वस्ती लाल पट्ट्यात, म्हणजे बाधित क्षेत्रात, जाते आणि मातीचे एक घमेलेही परवान्याशिवाय हलत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी तो खोटे बोलत होता असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्याने पाहणीची मागणी केली, पाहणी झाली, कागद लागला, आणि त्या कागदाखाली आपलाही शिक्का उमटवताना त्याला मनापासून बरे वाटले. मुंग्या नाहीत. मग चावले कोण? हा प्रश्न घेऊन तो देवऋषीकडे गेला. देवऋषीने डोळे मिटले आणि सांगितले, की थोरल्या सुनेने सासूपुढे दहन हा शब्द उच्चारला. म्हातारी ते विसरलेली नाही. जी पोकळी विज्ञानाने शिक्का मारून दिली होती, तिच्यात म्हातारीचा राग अगदी मापात बसला.

अशा रीतीने वर्षभर रुइलिएन दोन आजार सोसत राहिली.

पहिल्याशी तिने जमवून घेतले. पहाटे शेतात जाण्यापूर्वी ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवी, पँट त्यांत खोचून चिकटपट्टी गुंडाळी, मोजे, हातमोजे, आणि या सगळ्यावर लहान मुलांची पावडर थापी. आगमुंगीचे पाय पावडरीवर ठरत नाहीत. बसण्यापूर्वी ती काठीने जमीन ठोके. कुठेही टेकायचे नाही, कुठेही हात घालायचा नाही, दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय अंगात घालायचे नाहीत. सुईसाठी तिने सदऱ्याच्या आत खिसा शिवला होता आणि झोपेतही तिचा हात तिथे जाई. आयुष्यभर जी माती तिने अनवाणी तुडवली, तिच्याकडे ती आता परक्याच्या कुत्र्याकडे पाहावे तशी पाहू लागली. लहानशी खाज सुटली तरी ती जागच्या जागी थांबे आणि जीभ दातांवर फिरवून पाही, जड झाली आहे का. हे थांबणे कुणाला दिसत नसे. दिसत असे ती पावडर. वस्तीतल्या बायका हसत.

दुसऱ्या आजाराला पावडर नव्हती. देवळाबाहेर भेटणाऱ्या बायका तिला “आता कसं आहे?” असे विचारीत, तेव्हा प्रश्न तब्येतीचा नसे. सासूला नीट सांभाळले नसणार, हे न बोलता विचारण्याची ती रीत होती. तीन वर्षे धुतलेल्या चादरी कुणी पाहिल्या नव्हत्या. फोड सगळ्यांनी पाहिले होते.

पुन्हा झाडलोटीचा दिवस जवळ आला. आधीच्या आठवड्यात दोघी नणंद-भावजय पडवीत भाजी मुरवायला बसल्या होत्या. छुनमेई हौदात उतरून अनवाणी तुडवीत होती. रुइलिएन थरांवर मीठ पसरीत होती, बूट घालूनच.

“पडवीतसुद्धा पावडर?” छुनमेई म्हणाली. “मला वाटलं नवरा बघायला निघालीस.”

“मिळाला तर तुम्हालाच आणते, वन्सं. एक भाजीवाला बघून ठेवलाय, दात नाहीत, पण टेम्पो आहे.”

“मग टेम्पोच आण, त्याला राहू दे.” छुनमेई हसली, आणि तुडवता तुडवता गंभीर झाली. “वन्छाय आला होता ना काल? काय म्हणाला?”

“उघड्या हातांनी, म्हणाले. गुडघे टेकून. सगळ्यांसमोर आईंची माफी मागायची आणि कागद दाबायचे. हातमोजे चालणार नाहीत. ‘आईला काय हातमोजे घालून भेटतेस, वहिनी?’ असं म्हणाले.”

“आणि नाही म्हटलंस तर?”

“तर पूर्वजांच्या दालनाची पायरी चढायची नाही. ह्यांच्या नावाची पाटी तिथे आहे, वन्सं. रोजची उदबत्ती मी लावते. ते गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही.”

छुनमेई म्हणाली, “सुई आहे ना जवळ? चावल्या तर टोचू. मी टोचते.”

“डॉक्टरीण म्हणाली, सुई म्हणजे इस्पितळात पोचेपर्यंतची उसनी वेळ. मुद्दाम चावून घ्यायचा परवाना नव्हे.”

“मग सांग ना त्याला मुंग्या आहेत म्हणून!”

“फाटकावर लिहिलंय नाहीत. शिक्का आहे. त्यातला एक त्यांचाच.”

“शिक्क्याला काय, माझ्या कोबीवरपण शिक्का असतो, आतून किडका निघतो.” छुनमेई हौदाच्या काठावर बसली. “बरं, हे लोक शोधतात कसे? यंत्र असतं का काही?”

“वेफर,” रुइलिएन म्हणाली. “बटाट्याचे. आपल्या शेतात आले होते तेव्हा पाहिलंय मी. जागोजाग एकेक वेफर ठेवतात, शेजारी लाल झेंडी रोवतात आणि चहा प्यायला जातात. अर्ध्या तासानं येऊन बघतात. मुंग्या जमल्या असतील तर वेफरासकट उचलून डबीत भरतात.”

“एवढंच? अगं मग आपणच ठेवू! एक पुडा आणते, आईच्या माथ्यावर—” ती थांबली. “नाही बाई.”

“का?”

“म्हणजे... थडग्यावर ठेवायचं, आणि मग परत उचलायचं? ठेवलं ते तिचं झालं ना. तिच्या पानातलं काढायचं?”

रुइलिएनचा मिठाचा हात हवेतच राहिला.

“वन्सं, झेंड्या कुठे होत्या?”

“कुठल्या झेंड्या?”

“दफनभूमीतल्या. पाहणी झाली तेव्हाच्या. कितीतरी दिवस तशाच होत्या.”

“त्या होय. सिमेंटच्या वाटेला. दोन्ही कडांना ओळीनं, मिरवणुकीला लावल्यासारख्या.”

“आणि थडग्यांवर?”

छुनमेईने आठवून पाहिले. तिचे पाय हौदात लोंबत होते, हिरव्या पाण्याने माखलेले. “एकही नाही,” ती म्हणाली.

त्या झेंड्या साऱ्या वस्तीने पाहिल्या होत्या. येता-जाता, कित्येक आठवडे. त्या चुकीच्या जागी आहेत असे एकालाही वाटले नाही, कारण त्या रोवायचे काम त्यांच्यापैकी कुणाच्याही वाट्याला आले असते तर त्याने त्या तिथेच रोवल्या असत्या. उन्हात तापलेल्या सिमेंटवर मुंगीला काय काम? पण परक्याच्या थडग्यावर खाणे ठेवून ते परत उचलणाऱ्या माणसाला तिथून काय सोबत घेऊन घरी जावे लागेल, हे शिखंगमध्ये शाळेत न गेलेल्यालाही कळते आणि पदवी घेतलेल्यालाही. रुइलिएनला राग यायला हवा होता. आधी आली ती ओळख. हात नेमका कुठे थांबला असेल, हे तिला स्वतःच्या थांबलेल्या हातावरून कळले. राग मागून आला, आणि आला तो थंडगार होता.

झाडलोटीच्या दिवशी आभाळ भरून होते आणि समुद्राकडून वारा सुटला होता. घराणे जमले : कोंबडी, डुकराच्या मांसाचा तुकडा, वाळवलेला मासा, चिकट भाताच्या वड्या, तांदळाची दारू, कागदी नोटांच्या थप्प्या. वन्छायने पाहणी केलेल्या अधिकाऱ्यालाही बोलावून आणले होते. वहिनीने पुन्हा मुंग्यांची सबब सांगितली तर सरकारी माणूस समोर असावा, हा त्यामागचा विचार. कू शीलिन हा अधिकारी तिशीतला, कृषी महाविद्यालयातून शिकलेला, अतिशय विनयशील. तो सिमेंटच्या वाटेवरच उभा राहिला. शेजारच्या थडग्यांना त्याने एकेक करून मान लववली. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून भूतबाधा टाळायला ठेवलेली नागदवण्याची पाने डोकावत होती आणि गळ्यात देवळातून आणलेली लाल ताईताची पिशवी होती.

रुइलिएन आली ती बूट, चिकटपट्ट्या, हातमोजे आणि पावडर यांसकट. वाटेच्या कडेवर येऊन ती थांबली.

“वहिनी,” वन्छाय म्हणाला. आवाज मऊ होता, म्हणून अधिक अवघड. “काढ ते. आईसमोर असं नको. तुला वाटतं मला आनंद होतोय? पण तिनं दाखवून दिलंय तिला काय हवं ते. कूसाहेब आलेत. तेही सांगतील इथे काही नाही म्हणून.”

“पाहणी केली होती आम्ही, काकू,” कू हळूच म्हणाला. “आढळलं नाही काही.”

“काढते,” रुइलिएन म्हणाली. “उघड्या हातांनी कागद दाबते. पण आधी आईंना थोडं खायला देऊ द्या. वन्सं, द्या त्यांना.”

छुनमेईने पिशवीतून वेफरचा पुडा काढला. मंडळींत कुजबुज झाली.

“हे काय?” वन्छाय म्हणाला.

“आईला खारट आवडायचं,” छुनमेई म्हणाली. “डॉक्टरांनी बंद केलं, तरी उशीखाली पुडा असायचा. तुला कुठलं ठाऊक, तू नवीन वर्षाला पैशांचं लाल पाकीट द्यायला यायचास. ठेवलं ते परत उचलणार नाहीये मी. ते आईचंच. पण तिला विचारते, मुंग्यांना त्यातलं थोडं दिलेलं चालेल का.”

तिने कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातांत धरल्या, कपाळाला लावल्या आणि मोठ्याने म्हणाली, “आई, ऐकतेस ना? तुझ्या अंगणात कुणी राहतं का, ते बघायचंय. वेफर तुझे. भाडेकरूंना चाखू देशील?”

कोरी जमिनीवर पडल्या. दोन्ही उताण्या.

“हसतेय,” चुलत सासूबाई म्हणाल्या.

“हसेलच. कवळी इकडे राहिलीये तिची.” छुनमेईने पुन्हा कौल टाकला. एक उताणी, एक पालथी. होकार. त्याविरुद्ध बोलण्याची प्राज्ञा तिथे कुणाचीच नव्हती. वन्छायची तर नव्हतीच, कारण आईची इच्छा हेच त्याचे एकमेव हत्यार होते. छुनमेईने लांब बांबूच्या चिमट्याने वेफर थडग्याच्या माथ्यावर आणि उतारावर ठेवले आणि ती मागे सरकली.

मग सगळे थांबले. वाट पाहणे हीच अशा वेळी खरी परीक्षा असते. कुणी दारू ओतली, कुणी उदबत्त्या सारख्या केल्या. वाऱ्याने एक वेफर उलटला, तेव्हा दोघांनी दचकून पाहिले. रुइलिएन कडेवर तशीच उभी होती, एक हात सदऱ्याच्या आतल्या खिशावर. काहीच आले नाही तर? उकळत्या पाण्याने, वर्षभरात, कशानेही त्या निघून गेल्या असतील तर? तर तिला हातमोजे काढावे लागतील आणि त्या मातीत हात घालावे लागतील. आणि त्या नेमक्या खाली खोल बसून असतील. जीभ दातांवर फिरवून तिने पाहिली. जीभ अजून तिचीच होती.

“काही नाही,” वन्छाय अखेर म्हणाला. “बघितलंस, वहिनी—”

“भाऊजी, जरा खाली वाका,” रुइलिएन म्हणाली. “जवळ जाऊ नका. नुसतं वाका.”

उतारावरच्या वेफराची कड तांबूस दिसू लागली होती. मग तो हलला. मग तो वेफर राहिलाच नाही. तांबड्या, उकळल्यासारख्या ढवळणाऱ्या एका डागात त्याचे रूपांतर झाले. गवताच्या मुळांतून एक धार वर येत होती, दुसरी माथ्याकडून उतरत होती, आणि त्या दोन्ही गेल्या वर्षी रुइलिएनचे गुडघे जिथे टेकले होते त्याच जागेवरून जात होत्या.

चुलत सासूबाईंनी बराच वेळ पाहून बारीक आवाजात विचारले, “मग... तेव्हा अंगात कोण आलं होतं?”

“ह्याच,” छुनमेई म्हणाली. “बाहेरून आल्या होत्या, काकू.”

वन्छाय वाकला होता तसाच राहिला. त्याला काय आठवत होते ते त्याच्या चेहऱ्यावर येत होते : मूठभर उदबत्त्या, जांभळे ओठ, आणि ‘काय हवंय, बोल ना’ असे आपण विचारीत असताना मान हलवणारी ती बाई. तो सरळ झाला. रुइलिएनच्या हातातले पिवळे कागद त्याने घेतले, तिच्याकडे न पाहता. “मी दाबतो,” तो म्हणाला. लांब दांड्याच्या कुदळीने वाटेच्या पलीकडची ढेकळे ओढून त्याने ती कागदांवर सरकवली, दुरूनच, वाकडीतिकडी. छप्पर काही नीट शाकारले गेले नाही. मग तो म्हणाला, “संध्याकाळी दालनात ये, वहिनी. नेहमीसारखी. दादाला...” माफी त्याने मागितली नाही. माफी मागण्याचा विधी त्याने तिच्यासाठी ठरवून ठेवला होता, स्वतःसाठी त्याच्याजवळ एकही नव्हता.

ज्याच्यावर उलटता येईल अशा माणसाची त्याला गरज होती, आणि तो कूकडे वळला. “कूसाहेब! तुम्ही सांगितलंत नाहीत म्हणून! तुमच्या शब्दावर मी शिक्का मारला!”

“पाहणीच्या दिवशी नसतील कदाचित,” कू म्हणाला. “हवामान, तापमान... पद्धत विहितच होती. पद्धतीप्रमाणे—”

“पद्धतीप्रमाणे मरत होती ही!” छुनमेई म्हणाली.

रुइलिएनने हात वर करून दोघांनाही थांबवले. ती वाटेवर चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पावडरीने पांढरीफटक, चिकटपट्ट्यांत गुंडाळलेली, ती हास्यास्पद दिसत होती, आणि कुणी हसले नाही. तिचे लक्ष त्याच्या खिशातल्या पानांकडे गेले, ताईताकडे गेले, आणि ज्या सिमेंटवरून त्याचे बूट एकदाही खाली उतरले नव्हते त्या सिमेंटकडे गेले. तिला त्या माणसाची कीव आली; राग त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही.

“साहेब,” ती म्हणाली, “माझ्या नावापुढे तुम्ही प्रकृतिधर्म लिहिलात. वर्षभर मी तो वागवला. खोटं नाही ते, माझं अंग आहे तसं आहे. आता तुमचा सांगा. इथे वेफर ठेवताना तुमचा प्रकृतिधर्म काय होता?”

वन्छायने पुन्हा तोंड उघडले. छुनमेईने कोपर मारून ते बंद केले. अखेर कू बोलला. पुढे ते बोलणे वस्तीत तोंडोतोंडी फिरले आणि प्रत्येकाने त्यात पदरचे घातले. म्हणून तो जे बोलला ते इथे शब्दशः दिले आहे.

“काकू, मी वेफर वाटेवरच ठेवले. थडग्यावर एकही नाही ठेवला. नियमात लिहिलंय की नव्यानं उकरलेली माती आधी बघायची, ते मला पाठ आहे, मीच दुसऱ्यांना शिकवतो. पण थडग्यावर खाणं ठेवलं की ते मेलेल्याचं होतं, आणि मला ते अर्ध्या तासानं उचलून डबीत भरून गाडीतून न्यायचं होतं. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. आधीचं एक गेलं होतं आमचं. मला वाटलं, कुणी मागं लागून आलं तर? म्हणून मी वाटेवर ठेवले, वाटेवर काही आलं नाही, आणि मी ‘आढळलं नाही’ असं लिहिलं. मुंग्या असणार हे मला ठाऊक होतं. पण मुंग्या काही माझ्या मागोमाग घरी येणार नव्हत्या.”